शालेय मानसशास्त्रातील डॉक्टरेट : आपल्या मुलामुलींसाठी एक वाट
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





 उर्दूत बोलू की मराठीत, असे मी चिटणीस साहेबांना विचारले होते. ते म्हणाले, "स्मरणिका घरोघर जाते, आणि मराठी शाळेत शिकणारी आपली मुलेही आता पुष्कळ आहेत. मराठीतच बोला." तेव्हा मराठीतच बोलते. मध्येच घरची बोली तोंडात आली तर सांभाळून घ्यावे.

दरवर्षी या समारंभात गुणवंतांचा सत्कार होतो. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलाला पुढे काय करणार म्हणून विचारले, तर उत्तर येते, डॉक्टर नाही तर इंजिनिअर. मुलगी असली तर शिक्षिका. ही उत्तरे चांगलीच आहेत. पण आज मला एका वेगळ्या डॉक्टराविषयी सांगावयाचे आहे. तो सुई टोचत नाही, औषधाची चिठ्ठी देत नाही. तो शाळेत बसतो आणि मूल शिकत का नाही याचा शोध घेतो. त्यासाठी समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्र या विषयात संशोधन करून पीएच.डी. घ्यावी लागते. मी ती घेतली, पुष्कळ उशिरा घेतली, आणि ती घ्यावीशी का वाटली ते आधी सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझी नोकरी एका उर्दू प्राथमिक शाळेत सुरू झाली. चौथीचा वर्ग होता, मुले साठाच्या आसपास. त्यात एक पोट्टा होता. त्याचे वडील हातमागावर काम करीत. तोंडी हिशोबात तो वर्गात पहिला, पण पुस्तक हातात दिले की त्याला घाम फुटे. ओळीतला पहिला शब्द वाचायचा, दुसरा अंदाजाने सांगायचा आणि तिसऱ्यावर गप्प व्हायचा. मी त्याला उभे केले, मागच्या बाकावर बसवले, छडीही मारली. वार्षिक निकालाच्या वेळी शेरा लिहिला, 'मंदबुद्धी. लक्ष नाही.' त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याच्या डोक्यात तालीम नाही. कामाला लावा." त्यांनी माझे ऐकले. शिक्षिकेचे कोण ऐकत नाही?

सात-आठ वर्षांनी माझी लूना बंद पडली म्हणून ती ढकलत मी एका गॅरेजवर नेली. एका तरुण मुलाने कार्बोरेटर खोलला, एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडला, पुसला आणि कुठेही न अडता जागच्या जागी बसवला. मी पैसे काढले तर घेईना. म्हणाला, "बाजी, मैं आपका वही नालायक शागिर्द हूँ." आणि हसला. त्या दिवसांत मी नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करीत होते. तुकडे जुळवून वस्तू तयार करणे आणि रंगीत ठोकळ्यांची नक्षी रचणे या बुद्धिमत्तेच्या कसोट्या आहेत, हे मी नुकतेच शिकले होते. घरी येऊन त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मुलाला नेमकी कोणती अडचण होती, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. कारण त्याला कोणी तपासलेच नाही. तपासणी न करता निकाल दिला गेला, आणि तो मी दिला.

मित्रहो, आपल्या समाजातील मुले शाळा का सोडतात याची चर्चा आपण गरिबीपाशी थांबवतो. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात म्हटले होते की ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून गेली. त्यात गरिबी आहे, यात शंका नाही. पण माझ्या वर्गातून गेलेले ते मूल गरिबीने गेले नव्हते. ते माझ्या एका शेऱ्याने गेले. असे किती शेरे लिहिले गेले असतील, याचा हिशोब कोणाकडे आहे?

आता हे शास्त्र कोठून आले ते थोडक्यात पाहू. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. आपल्या देशातही हे काम लवकर सुरू झाले. सी. हर्बर्ट राइस यांनी लाहोरला काम करून हिंदुस्तानी भाषेतील बिने चाचणी १९२९ साली प्रसिद्ध केली. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले, ते आजही 'बिने-कामत' म्हणून ओळखले जाते. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले.

आणि यानंतर नाव येते ते आपल्या नागपूरचे. हे मला आपल्याला आवर्जून सांगावयाचे आहे, कारण नागपूरकरांनाच ते ठाऊक नसते. १९६०च्या दशकात डॉ. आर्थर मालिन हे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करीत होते. अमेरिकेतील एडगर डॉल यांनी १९३५ साली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी तयार केली होती. मालिन यांनी १९६५ साली तिचे भारतीय रूपांतर केले. त्यात ८९ बाबी आहेत, आणि त्या मुलाच्या आईला विचारून भरल्या जातात. मूल पेल्याने पाणी पिते का, स्वतः बटणे लावते का, दुकानातून एकट्याने सामान आणते का, अशा साध्या गोष्टी. देशभरातील मानसशास्त्रज्ञ तिला 'नागपूर रूपांतर' म्हणूनच ओळखतात. पुढे १९६९ साली त्यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी प्रसिद्ध झाली. ती ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिचे काही भाग शाब्दिक आहेत, काही हातांनी करून दाखवायचे आहेत. तुकडे जुळवणे आणि ठोकळ्यांची रचना हे भाग त्यातलेच. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याने जी परीक्षा गॅरेजात माझ्यासमोर दिली, तिची तयार कसोटी आमच्याच शहरात होती, आणि मला तिचे नावही ठाऊक नव्हते.

हे जुने झालेले शास्त्र आहे असे समजू नका. केंद्र सरकारने २०१८ साली दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी व्हाइनलँडच्या गुणांवर बसवली होती, आणि वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेची तपासणी करताना बुद्धिमापनासाठी मालिन यांच्या चाचणीचे नाव दिले होते. आपल्या शहरात झालेल्या कामावर दूरदूरच्या मुलांचे हक्क ठरत आले आहेत.

पण इथेच आपली अडचण सुरू होते. १९६९च्या चाचणीसाठी ज्या मुलांना समोर बसवले, ती आता आजोबा-आजी झाली आहेत. मुले बदलली, घरे बदलली, शाळा बदलल्या. मोजपट्टी वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. दुसरी अडचण भाषेची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांतील वाचनदोष ओळखण्यासाठी 'डाली' नावाचे साधन तयार केले. ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आले. मराठीत आले याचा आनंद आहे. पण उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठीचे माप लावता येत नाही.

का लावता येत नाही, ते पालकांनी समजून घ्यावे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळे कागदावर असते. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीतच नाहीत. 'बे' आणि 'नून' ही दोन अक्षरे जोडून लिहिली की तोच शब्द 'बन' वाचता येतो, 'बिन' वाचता येतो आणि 'बुन'ही वाचता येतो. कोणता वाचायचा ते वाक्यावरून ठरवायचे. बे, पे, ते आणि से यांचा पाया एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात येते, मध्ये दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या. शिवाय आमचे मूल घरी एक बोली बोलते, वर्गात किताबी उर्दू वाचते, बाजारात मराठी ऐकते आणि इंग्रजीच्या तासाला डावीकडून उजवीकडे वळते. हे मूल अडखळले तर ते लिपीमुळे, भाषेमुळे, डोळ्यांमुळे, भुकेमुळे, की वाचनाच्या खऱ्या दोषामुळे? हे वेगळे करून दाखवणे हे पीएच.डी.चे काम आहे. आणि ही भाषा ज्याच्या घरात बोलली जाते, त्याच्याइतके चांगले ते दुसरे कोण करणार?

आता विद्यार्थ्यांसाठी वाट सांगते.

बारावी कोणत्याही शाखेतून करा. नंतर पदवीला मानसशास्त्र घ्या आणि त्यातच एम.ए. करा. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे, त्यासाठी मुंबई-पुण्याला जायलाच हवे असे नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. घरबसल्या मानसशास्त्राची पदवी देतो असे कोणी सांगितले, तर पैसे भरण्याआधी आयोगाची सूचना वाचा.

एम.ए. झाल्यावर लगेच पीएच.डी.कडे धावू नका. वर्ष-दोन वर्षे शाळेत काम करा. जमल्यास एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम करा. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेतही तो चालत आला आहे. मुलांसमोर बसल्याशिवाय संशोधनाचा प्रश्न सापडत नाही. ग्रंथालयात सापडलेला प्रश्न बहुधा दुसऱ्याचा असतो.

पीएच.डी.साठी एम.ए.ला साधारणपणे ५५ टक्के गुण लागतात. मागासवर्गीय, इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. २०२४पासून नेट परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांत पूर्ण करायची असते. सुरुवातीला १२ ते १६ श्रेयांकांचे अभ्यासवर्ग असतात, त्यांत संशोधनपद्धती आणि संशोधनाची नीती शिकवतात. मग विषयाचा आराखडा समितीसमोर मांडायचा, दर सहामाहीला प्रगती दाखवायची, शेवटी प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि सर्वांसमोर मौखिक परीक्षा होते.

कागदावर हे सोपे दिसते. वेळ कुठे जातो ते मी सांगते. शाळेची परवानगी मिळवण्यात जातो. प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घेण्यात जातो. एका मुलाची तपासणी एकट्याने, शांत जागी करावी लागते, आणि आपल्या शाळांत शांत जागा म्हणजे फार तर जिन्याखालची खोली. कधी परीक्षा आडवी येते, कधी रमजान, कधी दिवाळीची सुटी, कधी नागपूरचा उन्हाळा. माझी निम्मी वर्षे अशी गेली. पण या कामाने मला एक गोष्ट शिकवली. शिंप्याची टेप आज छाती चाळीस दाखवते आणि उद्या अडतीस, तर ती टेप फेकून द्यावी. चाचणीचेही तसेच आहे. पुन्हा मोजले तरी तेच उत्तर यावे, याला विश्वसनीयता म्हणतात. आणि जे मोजतो म्हटले तेच मोजले जावे, वाचन म्हणून मुलाची भीती मोजली जाऊ नये, याला वैधता म्हणतात. ज्या बाईने छडी हातात घेऊन एका मिनिटात 'मंदबुद्धी' लिहिले होते, तिला एक वाक्य लिहिण्याआधी वर्षभर तपासायला लावले ते या शिक्षणाने.

दोन गैरसमज दूर करते. पहिला, पीएच.डी. झाली म्हणजे रोग्यावर उपचार करण्याचा परवाना मिळाला असे नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. अमेरिकेत शालेय मानसशास्त्राची डॉक्टरेट वेगळी असते, तिच्यात किमान १५०० तासांचे प्रत्यक्ष काम करून घेतात, त्यांतले ६०० तास शाळेत. आपल्याकडे अशी सोय दुर्मीळ असल्याने संशोधन, पदविका आणि शाळेतला अनुभव हे तिन्ही आपले आपण जोडावे लागते. दुसरा गैरसमज असा की पैसे दिले की प्रबंध लिहून मिळतो. असे करणारे आहेत. २०१८च्या नियमांप्रमाणे ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला तर नोंदणीच रद्द होते. आणि नियम नसता तरी मी विचारले असते, उसन्या प्रबंधावर तुम्ही कोणाच्या मुलाचे भविष्य ठरवणार?

पैशाचा प्रश्न खरा आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. तिच्या आधाराने शिकलेली मुलेमुली आपल्यात आहेत, त्यामुळे ती बंद झाल्याचे दुःख मी लपवत नाही. पण हातावर हात ठेवून चालणार नाही. नेटमध्ये वरचा क्रमांक मिळवला तर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. जानेवारी २०२३पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे. मोमीन, बागवान यांसारख्या आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी महाज्योती या संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे, आणि महाज्योतीचे मुख्य कार्यालय इथे नागपुरातच आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, आणि जातीचे व नॉन-क्रिमीलेअरचे दाखले आजच काढून ठेवा. दाखला नाही म्हणून हुशार मुलगी मागे राहिलेली मी पाहिली आहे.

आता पालकांशी दोन शब्द. तुमच्या मनातल्या शंका मला ठाऊक आहेत. "पागलखान्याची नोकरी आहे का?" "इतकी वर्षे शिकली तर निकाह कधी?" "शिकून मिळणार काय?" माझ्या अम्मीनेही हेच विचारले होते. पागलखान्याशी याचा संबंध नाही, हे काम शाळेचे आहे. निकाहाचे म्हणाल, तर नियमांनीच मुलींची सोय पाहिली आहे. स्त्रियांना ६ वर्षांवर आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि बाळंतपण व मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. माझा धाकटा मुलगा माझ्या प्रबंधाच्या कागदांवर बसूनच बाराखडी शिकला. सासूबाईंनी घर सांभाळले, त्यांचे नाव प्रबंधाच्या आभारात पहिले आहे. घराने साथ दिली तर हे होते. आणि हेही लक्षात घ्या की वयात येणाऱ्या मुली मनातले दुःख मोहल्ल्यातल्या बाईला सांगत नाहीत. शाळेत बसलेल्या, त्यांची बोली समजणाऱ्या आणि ऐकलेले बाहेर न नेणाऱ्या बाजीला सांगतात.

शिकून काय मिळणार, याचेही उत्तर देते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. म्हणजे गरज आता कायद्याच्या भाषेत लिहिली गेली आहे. माणसे कमी आहेत. उर्दू जाणणारी तर फारच कमी.

शेवटी संस्थेला विनंती करते. १९४७ साली मुंबईत पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले होते. कोणी येऊन करून देईल याची वाट त्या लहानशा समाजाने पाहिली नाही. आपणही तीन गोष्टी करू शकतो. आपल्या शाळांपैकी एका शाळेत दार बंद करता येईल अशी एक खोली या कामासाठी राखून ठेवावी. दरवर्षी मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा आणि परीक्षा शुल्काचा भार संस्थेने उचलावा. आणि आपल्या शिक्षकांनी आजपासून कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'मंदबुद्धी' हा शब्द लिहू नये. तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही.

तो गॅरेजवाला मुलगा आता स्वतःच्या दुकानाचा मालक आहे. त्याची मुलगी यंदा तिसरीत आहे. मागच्या महिन्यात तो तिला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाजी, ये भी अटक अटक के पढ़ती है. एक बार देख लो." मी तिला पाहिले, दोन दिवस पाहिले, आणि तिच्या वर्गशिक्षिकेला काय करावे ते लिहून दिले. निकाल दिला नाही. पण मी एकटी किती जणांना पाहणार? आता माझे वय झाले आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी पुढे यावे आणि माझ्या टेबलावरचे उर्दूचे कागद पुढे न्यावेत, यासाठीच मी आज आले होते.